मॅटाडोर कॅम्पर घाटात तापते: रेडिएटर बदलूनही त्रास परत का येतो

रेडिएटर धुऊन घेतला, कॅप नवी टाकली, पावसाळा-हिवाळा बरा गेला आणि मे लागताच मांजरसुंब्याच्या नाहीतर कन्नडच्या घाटात काटा पुन्हा लालात. जुनी मॅटाडोर घेऊन तिची कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, केलेल्यांची ही ठरलेली तक्रार. मिस्त्री दर खेपेला रेडिएटरकडे बोट दाखवतो, दर खेपेला थोडा आराम पडतो, आणि वर्षभरात गाडी पुन्हा तिथेच येते. मराठवाड्यात या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये नसतं. ते इंजिनच्या ब्लॉकमध्ये साचलेल्या क्षारात असतं, आणि तो क्षार आपणच बोअरच्या पाण्यातून घालत असतो.

खालचं सगळं बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमधल्या ओएम ६१६ डिझेल इंजिनाला धरून आहे: चार सिलिंडर, २.४ लिटर, मर्सिडीजच्या घराण्यातलं, ब्लॉक आणि हेड (ब्लॉकवरचं झाकण) दोन्ही बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं. हेच इंजिन असलेल्या दुसऱ्या जुन्या गाड्यांनाही ते लागू पडेल.

क्षार येतो कुठून

काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यातल्या कॅल्शियमचं कार्बोनेट होऊन भांड्याला चिकटतं. गिझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर दिसतो तोच हा. इंजिनात तो सर्वांत तापलेल्या जागी बसतो: हेडमध्ये प्री-चेंबरभोवती (डिझेल आधी जिथे पेटतं ती छोटी खोली), एक्झॉस्ट वॉल्वच्या आसपास आणि पाण्याच्या पंपापासून लांबच्या चौथ्या सिलिंडरमागे. हा थर बिडाच्या मानाने उष्णता फारच कमी जाऊ देतो. त्यामुळे पाणी ९० अंशांवर असताना धातू मात्र त्याहून बराच गरम राहतो.

आता थोडा हिशोब. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. सिस्टिम गळकी नसेल आणि दहा लिटर असं पाणी एकदाच भरलं, तर सगळा मिळून सहा ग्रॅम क्षार आत जातो, आणि तोही सगळा बसत नाही. त्याने काही बिघडत नाही. पण कॅप गळकी असेल आणि आठवड्याला दोन लिटर पाणी वरून घालावं लागत असेल, तर वर्षाला १०४ लिटर पाण्यासोबत साठ ग्रॅमच्या वर क्षार आत जातो. म्हणजे पहिल्यांदा भरलेल्या पाण्यापेक्षा रोज-रोजची भर इंजिनाला जास्त मारते. म्हणूनच पन्नास-शंभर रुपये वाचवायला जुनी कॅप चालवत राहणं हा सगळ्यात महाग सौदा आहे.

नवा रेडिएटर वर्षभरात का चोंदतो, हेही यातूनच कळतं. ब्लॉकमधल्या थराच्या खपल्या सुटतात, वरच्या होजमधून (रबरी पाइपातून) रेडिएटरमध्ये जातात आणि नव्या कोरच्या, म्हणजे रेडिएटरच्या मधल्या जाळीच्या, नळ्यांच्या तोंडाशी अडकतात. ब्लॉक साफ न करता रेडिएटर बदलला तर पैसे पाण्यातच गेले.

आधी ती खरंच तापते का ते बघा

जुन्या गाडीचा काटा पुरावा म्हणून धरू नका. गेज इलेक्ट्रिक असेल तर रात्री हेडलाइट लावून बघा. दिवा लावताच काटा दोन रेघा वर चढत असेल तर दोष अर्थिंगमध्ये आहे. गंजलेल्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट केलेली अर्थ वायर सोडवा, पत्रा पॉलिशपेपरने घासून उघडा करा, पुन्हा जोडा. मग लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक घेऊन थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या वॉल्वच्या) घरावर रोखा. तेलकट, काळपट भागावर रीडिंग नीट येतं. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते खोटं, कमी दाखवतं. तिथे काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा. ८० ते ९५ ही चालणारी हद्द. मेच्या दुपारी चढणीला थोडा वेळ १०० ला टेकणं अजून संकट नाही, मात्र त्याला कॅप धड हवी.

तीच बंदूक रेडिएटरच्या समोरून, इंजिन गरम आणि चालू असताना, वरून खाली हळूहळू फिरवा. तापमान एकसारखं उतरत गेलं पाहिजे. मधेच एकदम गार पट्टा सापडला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. वर आणि खाली सहा ते बारा अंशांचा फरक ठीक. फरक त्याहून फार मोठा असेल तर पाणीच कमी वाहतंय, आणि फरक जवळजवळ नसून दोन्हीकडे उकळतं असेल तर हवा कमी पडतेय.

कधी तापते यावरून अर्धं निदान होतं. जालन्याच्या मोंढ्यातल्या गर्दीत उभ्या-उभ्या तापते पण रस्त्याला लागली की उतरते, तर पंखा, बेल्ट किंवा पंख्याभोवतीचा पत्रा बघा. सपाट हायवेवर ऐंशीच्या वेगाला हळूहळू चढत जाते, तर कोर नाहीतर खालचा होज. फक्त घाटात तापते, तर अर्धवट चोंदलेला कोर, ब्लॉकमधला क्षार, जास्तीचं वजन किंवा धरलेला ब्रेक. थंड इंजिन सुरू करून पाच-सात मिनिटांतच वरचा होज दगडासारखा टणक होत असेल तर हेड गॅसकेटवर (हेड आणि ब्लॉक यांच्यातल्या सीलवर) संशय घ्या आणि बाकी खर्च थांबवा.

हवा: कॅम्पर केल्यावर काय बिघडतं

मूळ मालवाहू मॅटाडोर जिथे तापत नव्हती तिथे कॅम्पर तापते, त्याची कारणं बरीचशी सुताराने घातलेली असतात. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते, खालून प्रोपेलर शाफ्ट जात नाही. म्हणून फ्लोअरखाली पाण्याची टाकी टांगायचा मोह होतो. टाकी इंजिनच्या लगेच मागे आली तर रेडिएटरमधून आलेली गरम हवा बाहेर पडायची वाटच बंद होते. पुढून कितीही वारा लागो, मागे जागा नसेल तर तो कोरमधून जाणार नाही. टाकी मागच्या ॲक्सलकडे सरकवा. आणि १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे घाटात विसरू नका. माथ्यावर भरायची सोय असेल तर चढताना टाकी अर्धीच ठेवा.

पुढच्या तोंडावर बांधलेली स्टेपनी, फॉग लॅम्पची पट्टी आणि नावाची पाटी, हे सगळं जाळीसमोरून काढा. दसऱ्याचा झेंडूचा हारही दुसऱ्या दिवशी उतरवा. वाळलेल्या पाकळ्या फिनांत (कोरच्या पातळ पत्र्यांत) जाऊन बसतात आणि पुढचा वर्षभर तिथेच राहतात. कापसाच्या हंगामात परभणी-जालना भागातल्या रस्त्यांवर उडणारा कापसाचा तंतू याहून वाईट. तो फिनांवर चिकटतो, त्यावर धूळ बसते आणि समोरून रेडिएटर स्वच्छ दिसत असताना मधल्या थरात गोधडी तयार होते. धुवायचं ते इंजिनाकडून समोरच्या दिशेला, साध्या नळाच्या धारेने, आधी निरम्याचं पाणी फवारून दहा मिनिटं मुरू देऊन. सर्व्हिसिंगवाल्याची प्रेशर गन कोरवर मारू देऊ नका, फिन आडव्या पडतात.

एक गोष्ट कोणी बघत नाही: रेडिएटर आणि बॉडी यांच्यातली फट. कारखान्यातून आलेल्या रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्या केव्हाच झडलेल्या असतात. त्या फटीतून इंजिनाकडची गरम हवा उलटी पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. चारही बाजूंनी फोमची पट्टी लावायला तासभर लागतो आणि गर्दीतलं तापणं त्याने हमखास कमी होतं. पंख्याभोवतीचा पत्रा काढून ठेवलेला असेल तर परत बसवा. पाती आणि पत्रा यांत बोटभर जागा पुरे. बेल्ट दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबला तर १० ते १२ मिलिमीटर बसावा.

कॅप आणि होज

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. तिथे उघडं पाणी ९८ अंशांना उकळतं. ०.९ बारची कॅप नीट दाब धरत असेल तर तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं. हे वीस अंश घाटात जीव वाचवतात, आणि कॅपच्या पाच रुपयांच्या रबरावर ते टिकून असतात. नवी कॅप घेताना जुन्या मूळ कॅपवरचा आकडा बघा, त्याहून जास्त दाबाची घेऊ नका. जुना डागाचा (सोल्डरचा) जोड फुटतो. कॅपची खोलीही जुळायला हवी. उथळ कॅप नळीच्या आतल्या कडेला टेकतच नाही आणि वरून घट्ट बसल्यासारखी वाटते. रेडिएटरवाल्याकडे हातपंपाने दाब देऊन दोन्ही तपासून घ्या.

गाडी गार झाल्यावर होज चपटा झालेला दिसला तर कॅपमधला आतला छोटा वॉल्व अडकलाय. इंजिनची रेस वाढवल्यावर खालचा होज आत ओढला जात असेल तर मात्र कारण वेगळं: होज मऊ पडलाय किंवा त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेलीय, किंवा कोर इतका चोंदलाय की पंपाला पाणी मिळत नाही. बाजारातला मीटरवर मिळणारा कॅनव्हासचा पाइप खालच्या बाजूला वापरू नका.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

“आपल्याकडे गरमीच गरमी, थर्मोस्टॅट हवाय कशाला” असं म्हणत तो काढून फेकलेल्या गाड्या मोजायच्या तर वही पुरणार नाही. या इंजिनात ही चूक उलटी बसते. इथल्या थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. गरम झाल्यावर एक तबकडी रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी दुसरी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायमचा उघडा राहतो. पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून गरमच्या गरम पंपाकडे परत जातो, आणि नेमकं घाटात, जिथे पूर्ण प्रवाह हवा, तिथे तो मिळत नाही. हिवाळ्यात इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त जातं आणि झीज वाढते, ती वेगळीच.

तपासणी घरच्या घरी होते. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट तारेने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर जो आकडा छापलेला असेल, बहुधा ८०, त्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे तो उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या पंधरा अंशांत पूर्ण, साधारण आठ मिलिमीटर उघडला पाहिजे. पाणी खळखळ उकळतंय आणि हा चार मिलिमीटरवर अडून बसलाय, तर फेकून द्या. नवा घेताना खालची बायपासची तबकडी आहे ना, हे हाताने बघा. दिसायला सारखा पण एकाच तबकडीचा माल दुकानात सर्रास मिळतो. बसवताना श्वासाचं छोटं छिद्र वरच्या बाजूला ठेवा.

ब्लॉकमधला क्षार काढणं

हे काम सहलीच्या आदल्या दिवशी करू नका. क्षाराने बुजवून ठेवलेली बारीक छिद्रं या धुण्यात उघडी पडतात: रेडिएटरचा जोड, पंपाचं सील, ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे वॉटर प्लग. पुढचे आठ-दहा दिवस गाडी घराजवळच फिरवायची तयारी ठेवा.

थंड इंजिनाचं पाणी सोडा. फक्त रेडिएटरचा नळ उघडून भागत नाही, निम्मं पाणी ब्लॉकमध्येच राहतं. ब्लॉकचा स्वतःचा नळ किंवा बोल्ट असतो, तो उघडा. बहुतेक वेळा उघडल्यावर थेंबही येत नाही, कारण आतून लालसर गाळ बसलेला असतो. जाड तार घालून तो फोडा, नाहीतर पुढचं सगळं फुकट. निघालेलं पाणी खुणा केलेल्या बादलीत मोजा, तेवढीच तुमच्या सिस्टिमची क्षमता धरा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर आधी वॉशिंग मशिनची कमी फेसाची पावडर दोन-तीन चमचे घालून एकदा गरम करून सोडून द्या. तेलकट थरावर आम्ल काम करत नाही.

मग लिंबाचं सत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात किलोवर मिळतं ते. लिटरला ५० ग्रॅम. दहा लिटरच्या सिस्टिमला अर्धा किलो. गरम पाण्यात पूर्ण विरघळवून गाळून भरा. संडास धुवायचं ॲसिड कोणी कितीही सांगितलं तरी वापरू नका. ते क्षाराबरोबर बीड आणि डाग दोन्ही खातं. आणि कोणी नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवला असेल तर धुण्यापुरता जुना तांब्याचा जोडा.

इंजिन चालू करून ८५ अंशांपर्यंत न्या, वरचा होज गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. आता पंधरा-वीस मिनिटं हलकी रेस, दीड हजारच्या आसपास. बंद करा, हात लावता येईल इतकं गार होऊ द्या, आणि सोडा. रात्रभर आत ठेवायचं नाही. निघालेल्या पाण्याचा रंग चहासारखा, कधी हिरवट असतो, तळाला वाळूसारखा चुरा बसतो. त्यातलं थोडं वाटीत घेऊन खाण्याच्या सोड्यावर टाका. जोरात फसफसलं तर आम्लात जीव शिल्लक आहे आणि आतला क्षार बराचसा संपलाय. अजिबात फसफसलं नाही तर सगळं आम्ल क्षाराने खाल्लंय. दुसरा डोस द्या. पाच-सात वर्षं बोअरचं पाणी प्यालेल्या इंजिनाला दोन डोस लागतातच.

नंतर साध्या पाण्याने पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मग लिटरला १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून पाच मिनिटं चालवा, राहिलेलं आम्ल मरतं. पुन्हा धुवा. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याचं, कारण ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच, आणि ते बोअरचं नको.

या सगळ्या फेऱ्या जुन्या रेडिएटरवरच करा. तो काढून रेडिएटरवाल्याकडे न्यायचा तो नंतर. वरची टाकी उघडून नळ्यांत रॉड मारून घ्या आणि पाण्याच्या हौदात हवेचा दाब देऊन गळती बघून घ्या. नळ्या पातळ झाल्या असतील तर रॉड त्या फोडतो, मग नवा तांब्याचा कोरच बरा. बसवताना वरच्या होजच्या तोंडात नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा गाळणीसारखा अडकवा. गावातल्या गावात शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर काढून बघा, त्यात खपल्या सापडतील. घाटाकडे निघण्याआधी तो काढलाच पाहिजे.

भरायचं काय

डिस्टिल्ड पाणी आणि इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट. आपल्याकडे बर्फाची भीती नाही, म्हणून निम्मं-निम्मं करायची गरज नाही. ४० टक्के कूलंट पुरतं. दहा लिटरला चार लिटर कूलंट, सहा लिटर पाणी. ३३ टक्क्यांच्या खाली गंजरोधक कमी पडतं. तयार मिसळलेलं कूलंट आणलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. तांब्या-पितळेच्या, डागाच्या जोडांच्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट निवडा, दोन वर्षांनी बदला. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो.

बॅटरीच्या दुकानातून पाणी आणताना कॅनवर नीट वाचा. त्याच रॅकवर तसल्याच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिड ठेवलेलं असतं. आरओचं गाळलेलं पाणी अडीअडचणीला चालतं, आरओमधून वाया जाणारं अजिबात नाही, त्यात क्षार उलट जास्त असतो. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पहिल्या दोन सरी सोडून धरलं तर उत्तम.

गाडीचं तोंड चढाला करून भरा, थोडं-थोडं, वरचा होज हाताने दाबत. हीटर असेल तर त्याचा नळ उघडा. आत हवेचा फुगा राहिला तर पहिल्याच दिवशी ती तापेल आणि तुम्ही नव्या थर्मोस्टॅटला शिव्या द्याल.

तरीही तापत असेल तर

कॅप उघडी ठेवून थंड इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच तोंडाशी एकसारखे बुडबुडे येत असतील तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय: गॅसकेट गेलंय किंवा हेडला तडा आहे. हेड उतरवलंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) लावून सपाटी बघा, ०.१ मिलिमीटरचं पान सरकत असेल तर हेड प्लेन करायला टाका. बुडबुडे नसतील तर चारही चाकं जॅकवर फिरवून ब्रेक धरतात का ते बघा, आणि डिझेलच्या पंप-नोझलवाल्याकडे टायमिंग आणि डिझेलचं प्रमाण तपासा. चढणीला काळा धूर ओकणारी गाडी तापणारच.

घाटातच काटा चढला तर गिअर एक खाली घ्या, रेस मधली ठेवा, एसी-फ्रिज बंद करा. थांबलात तरी लगेच बंद करू नका, पंखा आणि पंप फिरत राहू द्या. पाणी पूर्ण सांडलं असेल तरच तत्काळ बंद करा. कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. थोडं निवल्यावर, इंजिन चालू ठेवून, बारीक धारेने भरा. ढाब्यावरच्या हौदाचं पाणी भरावं लागलं तर भरा, पण घरी येताच ते काढून डिस्टिल्ड भरा. कॅम्परच्या टाकीतलं पाणी तेच बोअरचं असतं, म्हणून पाच लिटर डिस्टिल्डचा वेगळा कॅन सीटमागे कायम ठेवा.

काढलेलं कूलंट गोठ्याजवळ किंवा नालीत ओतू नका. ते गोडसर असतं, कुत्री-गुरं चाटतात आणि त्याने मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जळक्या तेलासोबत द्या, पण तेलात मिसळू नका.